स्तनातल्या दुर्मिळ गाठी आणि त्यांच्या पोटात सापडणारे कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात पडतो, त्यावर कधी न ऐकलेलं नाव असतं, आणि डॉक्टरांकडे पोहोचायच्या आत घरातल्या कुणीतरी ते नाव मोबाइलवर शोधून सगळ्यांना घाबरवलेलं असतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझा दिवस स्लाइड बघण्यात जातो, रुग्ण समोर क्वचित येतात. पण जे येतात त्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. कोणता उपचार घ्यायचा ते तुमच्या सर्जनने आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून ठरवायचं आहे. इथे त्या रिपोर्टवर काय लिहिलंय तेवढंच उलगडून सांगते.

दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ?

स्तनाच्या दहा कॅन्सरांपैकी आठ-नऊ दोनच जातींचे असतात. पहिला डक्टल, ज्याला हल्ली रिपोर्टवर 'एनएसटी' असंही लिहितात, आणि दुसरा लोब्युलर. उरलेल्या एक-दोन वाट्यांत डझनावारी नावं दाटीवाटीनं बसलेली आहेत. फायलोड्स ट्यूमर ही गाठ स्तनातल्या सगळ्या गाठींत एक टक्काही नसते. मेटाप्लास्टिक कार्सिनोमा कॅन्सरांमध्ये टक्काभर किंवा त्याहून कमी. ॲडेनॉइड सिस्टिक त्याहूनही विरळा. गाठ दुर्मिळ आहे म्हणून ती जास्त वाईट असेल असं बरेच जण धरून चालतात. या यादीत अगदी सौम्य गाठी आहेत आणि अतिशय आक्रमकही आहेत.

माझी गाठ साधी होती. साध्या गाठीचा कॅन्सर होतो का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही, कारण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

स्तनात दोन प्रकारच्या पेशींची वस्ती असते. एक नलिका आणि ग्रंथींच्या आतलं अस्तर. दुसरी म्हणजे त्या अस्तराला आधार देणारा तंतूंचा भाग, याला स्ट्रोमा म्हणतात. फायब्रोॲडेनोमा आणि फायलोड्स या गाठींत दोन्ही असतात. अस्तर बिघडलं तर होतो तो नेहमीचा स्तनाचा कॅन्सर, म्हणजे कार्सिनोमा. स्ट्रोमा बिघडला तर होतो तो सार्कोमाच्या (आधार देणाऱ्या ऊतींच्या कॅन्सरच्या) वळणाचा आजार. गाठ एकच, पण आतले हे दोन आजार पूर्ण वेगळे.

तर पहिली शक्यता अशी की गाठीतल्या अस्तरात कॅन्सर उगवतो. ते अस्तर गाठीबाहेरच्या अस्तरासारखंच असतं, त्यामुळे तिथे जे होऊ शकतं ते इथेही होऊ शकतं. दुसरी म्हणजे शेजारी झालेला कॅन्सर नलिकेतून सरकत गाठीत शिरतो. स्लाइडवर तो गाठीत दिसतो खरा, पण मूळ बाहेर असतं. म्हणून गाठीच्या आजूबाजूचा भागही बघावा लागतो. तिसरी शक्यता खऱ्या अर्थाने 'साध्याचं रूपांतर' म्हणावी अशी. मायक्रोग्लँड्युलर ॲडेनोसिस, ॲडेनोमायोएपिथेलिओमा अशा मोजक्या गाठींत ती दिसते. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

मग फायब्रोॲडेनोमा असलेल्या प्रत्येकीनं गाठ काढून टाकावी का?

नाही. फायब्रोॲडेनोमा ही तरुण मुलींमधली सगळ्यात नेहमीची गाठ. हाताला रबरासारखी लागते, बोटाखालून निसटते. तिच्यात कॅन्सर सापडण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली आहे. ज्या बायकांत तो सापडतो त्या बहुधा चाळिशीत असतात, म्हणजे फायब्रोॲडेनोमाच्या नेहमीच्या वयापेक्षा साधारण वीस वर्षांनी मोठ्या. त्यातही बऱ्याच वेळा तो 'इन सिटू' असतो, म्हणजे अस्तराच्या आतच थांबलेला, बाहेर न पसरलेला.

गाठ काढायचा विचार कधी करायचा? जी वर्षानुवर्षं होती तेवढीच राहिली आणि अचानक वाढायला लागली, सोनोग्राफीत जिच्या कडा अस्पष्ट झाल्या, मॅमोग्राफीत बारीक चुन्याचे कण पुंजक्याने दिसले, किंवा चाळिशीनंतर जी नव्यानं उगवली. रिपोर्टवर 'कॉम्प्लेक्स फायब्रोॲडेनोमा' असं असेल (आत ३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या पाण्याच्या पिशव्या, स्क्लेरोसिंग ॲडेनोसिस वगैरे) तर पुढच्या आयुष्यात स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते. पण ती कोणत्याही भागात होण्याची शक्यता असते, त्या गाठीतच होईल असं नाही. त्यामुळे नुसती ती गाठ काढून धोका संपत नाही.

फायलोड्स हे कसलं नाव?

ग्रीक भाषेत 'फायलॉन' म्हणजे पान. १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ही गाठ कापून पाहिली तेव्हा आत फटी होत्या आणि त्या फटींत पानांसारखे पदर डोकावत होते. मोठी गाठ आजही टेबलावर मधोमध चिरली की तेच दिसतं. करड्या-पांढऱ्या रंगाचा, किंचित ओलसर, फुगीर भाग, आणि त्यात भिजून फुगलेल्या जुन्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना खेटलेले पदर. बोटाच्या टोकाने ते पदर सुटे करता येतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पानावर अस्तराचा पातळ थर आणि आत स्ट्रोमाच्या पेशींची गर्दी.

म्युलरने तिला 'सिस्टोसार्कोमा फायलोड्स' म्हटलं, आणि त्या 'सार्कोमा' शब्दाने पुढची दीडशे वर्षं बायकांची झोप उडवली, कारण या गाठी बहुतांशी कॅन्सर नसतातच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये 'फायलोड्स ट्यूमर' हे नाव स्वीकारलं. तरी जुन्या वळणाच्या एखाद्या रिपोर्टवर ते पहिलं नाव अजून भेटतं. भेटलं तर लगेच धसका घेऊ नका, पुढे बिनाइन (म्हणजे कॅन्सर नसलेली) लिहिलंय का ते बघा.

बिनाइन, बॉर्डरलाइन (मधली), मॅलिग्नंट (कॅन्सरची) हे कशावरून ठरवता?

एका निकषावरून ठरत नाही. स्ट्रोमाच्या पेशी किती दाट आहेत, त्या किती वेड्यावाकड्या दिसतात, गाठीची कड नीट आखलेली आहे की आजूबाजूला घुसलेली, स्ट्रोमा इतका माजलाय का की सूक्ष्मदर्शकाच्या अख्ख्या फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात) अस्तर नावालाही दिसत नाही, आणि पेशींचं विभाजन किती चाललंय. हे विभाजन आम्ही अक्षरशः मोजतो. मोठ्या भिंगाखालच्या दहा फील्डमध्ये पाचपेक्षा कमी विभाजनं असली तर बिनाइनकडे कल, पाच ते नऊ असली तर बॉर्डरलाइन, दहा किंवा जास्त असली तर मॅलिग्नंट. मॅलिग्नंट म्हणायला बाकीच्या खुणाही एकत्र याव्या लागतात. त्यातली एखादीच नसली की गाठ बहुधा बॉर्डरलाइनमध्ये जाते.

साठ ते पंचाहत्तर टक्के फायलोड्स बिनाइन असतात. 'बॉर्डरलाइन' हा शब्द रुग्णांना सगळ्यात जास्त छळतो. 'डॉक्टरांनाच कळलं नाही वाटतं,' असं ऐकू येतं. खरं म्हणजे तो स्वतंत्र गट आहे. अशी गाठ पुन्हा त्याच जागी येण्याची शक्यता बिनाइनपेक्षा जास्त असते, पण दूर पसरणं फारच विरळ. तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. एकच स्लाइड दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टना दिली तर एक जण बिनाइन म्हणेल आणि दुसरा बॉर्डरलाइन, असं घडतं.

सुईच्या तपासणीत फायब्रोॲडेनोमा आला होता. ऑपरेशननंतर फायलोड्स लिहून आलं. चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. हे समजायला तपासणीला किती ऐवज मिळतो ते डोळ्यांसमोर आणावं लागेल.

बारीक सुईने पेशी ओढून काढतात ती एफएनएसी. त्यात स्लाइडवर पेशींचे सुटे पुंजके येतात, गाठीची रचना येत नाही. फायब्रोॲडेनोमा आणि फायलोड्स यांतला फरक तर रचनेतच आहे. म्हणून या बाबतीत एफएनएसीवर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जाड सुईच्या बायोप्सीत, बहुधा १४ गेजच्या सुईने, शेवयांसारखे चार-पाच तुकडे मिळतात. लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. आता गाठ आठ सेंटिमीटरची असेल आणि ती एका कोपऱ्यात शांत व दुसऱ्या कोपऱ्यात चळवळी असेल, तर सुई कुठल्या कोपऱ्यात गेली त्यावर रिपोर्ट ठरतो. फायलोड्सचा स्वभावच असा ठिकठिकाणी बदलणारा आहे.

म्हणून तुकड्यांत शंका आली की आम्ही 'फायब्रोएपिथेलियल लीजन, फायलोड्सची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहितो. हे वाक्य वाचून लोक वैतागतात. जबाबदारी टाळल्यासारखं वाटतं. पण त्या दोन मिलिमीटरच्या तुकड्यावर छातीठोकपणे एकच नाव लिहिणं जास्त धोक्याचं. अशा वाक्याचा व्यवहारात अर्थ एवढाच की गाठ पूर्ण काढून तपासा.

आणि गाठ पूर्ण काढल्यावरही ती सगळीच्या सगळी काचेवर येत नाही. गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे किमान एक तुकडा घ्यायचा असा संकेत आहे. मोठ्या गाठीत तेवढे तुकडे घेतले नाहीत तर एखादा मॅलिग्नंट कोपरा किंवा अस्तरातला छोटा कॅन्सर डब्यातच राहून जातो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडूनच असं झालं होतं. एका मोठ्या गाठीचे मोजकेच तुकडे घेतले आणि रिपोर्ट बिनाइन दिला. वरिष्ठांनी फॉर्मेलिनमधला उरलेला भाग पुन्हा बाहेर काढायला लावला. जास्तीच्या तुकड्यांत दोन फील्डभर इन सिटू कॅन्सर निघाला. रिपोर्ट जायच्या आधी सापडला, इतकंच. तेव्हापासून मी तुकड्यांची संख्या रिपोर्टवर लिहिते.

माझ्या रिपोर्टवर फायलोड्सही लिहिलंय आणि कार्सिनोमाही. मला एक कॅन्सर आहे की दोन?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजून चाला, आणि डॉक्टरांशी बोलतानाही त्या वेगवेगळ्या काढून विचारा.

समजा रिपोर्टवर असं आहे: 'बॉर्डरलाइन फायलोड्स ट्यूमर, ७ सेंटिमीटर. गाठीच्या अस्तरात डक्टल कार्सिनोमा इन सिटू, इंटरमीजिएट ग्रेड. इन्व्हेजन नाही. सर्वात जवळचा मार्जिन ४ मिलिमीटर.' यातलं पहिलं वाक्य स्ट्रोमाबद्दल आहे. गाठ त्याच जागी परत यायची भीती किती, मार्जिन (गाठीभोवती काढलेली निरोगी कड) आणखी घ्यायचा का, हे त्यावरून ठरतं. दुसरं आणि तिसरं वाक्य अस्तराबद्दल आहे. इन्व्हेजन म्हणजे कॅन्सर अस्तराबाहेर घुसणं. तो आजार नेहमीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या नियमांनी चालतो. ४ मिलिमीटर हा आकडा मात्र दोघांनाही लागू पडतो आणि दोघांसाठी त्याचा अर्थ निराळा. इन सिटू कॅन्सरला तो पुरेसा मानला जातो, कारण तिथे २ मिलिमीटरची अपेक्षा असते. बॉर्डरलाइन फायलोड्सला मात्र सर्जन साधारण सेंटिमीटरभर मोकळी जागा बघतात. त्यामुळे 'मार्जिन क्लिअर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. कशासाठी क्लिअर, ते विचारा.

ॲक्युरेट माप गाठीचं नव्हे तर कॅन्सरचं हवं, हेही लक्षात ठेवण्यासारखं. सात सेंटिमीटरच्या फायलोड्समध्ये सहा मिलिमीटरचा इन्व्हेझिव्ह कॅन्सर असेल तर कॅन्सरची टी-स्टेज (आकारावरून ठरणारी पायरी) सहा मिलिमीटरवरून ठरते. सातवरून ठरवली तर स्टेज उगाच वर जाईल आणि उपचारही. इआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) या तपासण्याही कॅन्सरच्या पेशींवर वाचायच्या असतात. फायलोड्सचं साधं अस्तर इआर पॉझिटिव्ह असू शकतं, त्याचा उपचाराशी संबंध नाही.

असे रिपोर्ट मुळात फार थोडे असतात. सापडलेल्यांत इन सिटू असतात तसे इन्व्हेझिव्हही असतात, डक्टल असतात तसे लोब्युलरही.

काखेतल्या गाठी काढाव्या लागतील का?

नुसता फायलोड्स असेल, अगदी मॅलिग्नंट असला तरी, सहसा नाही. तो रक्तातून पसरतो, बहुधा फुप्फुसांकडे. काखेत हाताला गाठी लागल्या तरी बऱ्याचदा त्या नुसत्या सुजलेल्या असतात. आत इन्व्हेझिव्ह कार्सिनोमा सापडला तर गोष्ट वेगळी. मग सेंटिनेल नोड बायोप्सीचा, म्हणजे काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी काढून तपासण्याचा, विचार नेहमीच्या नियमांनी होतो.

शेक (रेडिएशन) आणि किमो?

फायलोड्सवरचा मुख्य उपचार ऑपरेशन. मॅलिग्नंट गाठीत, विशेषतः मोठ्या किंवा मार्जिन अपुरा राहिलेल्या गाठीत, शेक दिल्याने तिथल्या तिथे परत येण्याचं प्रमाण कमी होतं. आयुर्मान वाढतं असं मात्र दिसलेलं नाही. किमो सरसकट देत नाहीत. आजार दूर पसरला असेल तर सार्कोमासाठी वापरतात ती औषधं, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, आयफोस्फामाइड, यांचा विचार होतो. टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनच्या गोळ्यांचा फायलोड्सवर उपयोग नाही. आतल्या कार्सिनोमासाठी त्या लिहून दिल्या असतील तर ती बाब निराळी. गोळ्या चालू असलेल्या बाईने आपण त्या कशासाठी घेतोय हे विचारून घ्यावं.

परत येते का?

येते. बिनाइन साधारण दहातल्या एकीत किंवा थोडी अधिक, मॅलिग्नंट चारातल्या एकीच्या आसपास. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, जुन्या जखमेच्या आसपासच. परत आलेली गाठ कधी कधी आधीपेक्षा वरच्या ग्रेडची असते, म्हणून 'तीच आहे, बघू नंतर' असं करू नका. बिनाइन गाठ पूर्ण निघाली असेल आणि मार्जिन थोडा कमी असेल तर लगेच दुसरं ऑपरेशन न करता लक्ष ठेवण्याकडे हल्ली कल आहे, आणि मला तो पटतो.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात, खरंय. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडलेल्या आम्हालाही कधी कधी दिसतात. पण त्यातून आजार पसरून रुग्णाचं नुकसान झालं असं दिसत नाही. उलट बायोप्सी न करता 'साधी गाठ दिसते' म्हणून घाईने कापून काढलेल्या गाठींत मार्जिन बिघडतो, आणि मग दुसरं ऑपरेशन. माझ्या टेबलावर येणाऱ्या नको त्या गोष्टींत हा प्रकार फार वरच्या नंबरावर आहे.

निपलमधून रक्तासारखा स्राव येतोय. पॅपिलोमा आहे म्हणाले. त्यात कॅन्सर असतो?

पॅपिलोमा म्हणजे नलिकेच्या आत वाढलेला, बारीक फांद्या फुटलेला कोंब. निपलच्या मागे, मोठ्या नलिकेत एकच असला तर स्राव हे पहिलं लक्षण असतं. प्रत्येक फांदीला बाहेर एक थर असतो आणि त्याखाली मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा. हा आतला थर आमचा मोठा आधार. रंगद्रव्याच्या तपासणीत (पी-६३ वगैरे) तो सलग दिसला की जीव भांड्यात पडतो. तो तुटक झाला, पेशी एकसारख्या आणि दाट व्हायला लागल्या, की ॲटिपिया (पेशी बिघडलेल्या दिसतात, पण अजून कॅन्सर नाही) किंवा पॅपिलोमातला इन सिटू कॅन्सर.

बायोप्सीत ॲटिपिया नसलेला छोटा पॅपिलोमा असेल आणि सोनोग्राफीशी सगळं जुळत असेल तर बऱ्याच ठिकाणी आता नुसतं लक्ष ठेवतात. ॲटिपिया असेल तर काढतातच, कारण काढल्यावर कॅन्सर निघण्याचं प्रमाण बरंच वाढतं.

याच घराण्यात 'एन्कॅप्स्युलेटेड पॅपिलरी कार्सिनोमा' आहे. बहुधा वयस्क बायकांत सापडतो. गोल, पिशवीत बंद. त्याच्या कडेला मायोएपिथेलियल थर नसतो, म्हणजे पुस्तकी नियमाने तो इन्व्हेझिव्ह म्हणायला हवा. पण वागतो इन सिटूसारखा, आणि स्टेजही तशीच देतात. एखाद्या सत्तरीच्या आजींना या नावामुळे किमोची भीती घातली गेली असेल तर आधी रिपोर्टवर या गाठीबाहेर घुसलेला भाग नोंदवलाय का ते बघायला सांगा.

मायक्रोग्लँड्युलर ॲडेनोसिस म्हणजे?

नावात ॲडेनोसिस आहे, म्हणजे साधा बदल. पण चरबीत इकडेतिकडे विखुरलेल्या या बारीक गोल ग्रंथींना मायोएपिथेलियल थर नसतो. तो नसणं ही एरवी कॅन्सरची खूण. त्यामुळे नवख्या डोळ्याला हा कॅन्सर वाटतो आणि जाणत्या डोळ्यालाही थांबावं लागतं. ग्रंथींभोवती बेसमेंट मेम्ब्रेन (पेशींखालचा पातळ पडदा) शाबूत असतं, पेशी एस-१०० या प्रथिनाला पॉझिटिव्ह आणि इआरला निगेटिव्ह येतात. यावरून ओळख पटते.

ही अशी गाठ आहे जिच्यातून कॅन्सर पायरीपायरीने उभा राहताना एकाच स्लाइडवर दिसू शकतो. एका टोकाला शांत ग्रंथी, मध्ये गर्दी झालेल्या, दुसऱ्या टोकाला इन्व्हेझिव्ह कार्सिनोमा, तोही बहुधा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नसलेला. म्हणून बायोप्सीत सापडली की पूर्ण काढायची. यात मतभेद फारसे नाहीत.

ॲडेनोमायोएपिथेलिओमा?

अस्तर आणि मायोएपिथेलियल थर दोन्ही वाढून झालेली गाठ. बहुतेक साध्या असतात. पण एक थर किंवा दोन्ही थर मॅलिग्नंट होऊ शकतात. पूर्ण काढायची, मार्जिनसकट.

ट्रिपल निगेटिव्ह आलंय. म्हणजे सगळ्यात वाईटच ना?

थांबा. कोणत्या जातीचा ट्रिपल निगेटिव्ह?

ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा मुळात लाळेच्या ग्रंथींतला आजार, स्तनातही होतो. इआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. तरीही नेहमीच्या रूपात त्याचं भवितव्य इतकं चांगलं आहे की दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. काखेत क्वचित जातो, अनेकदा ऑपरेशन आणि शेकावर भागतं. त्याच्या पेशींत एमवायबी आणि एनएफआयबी ही दोन जनुकं बऱ्याच वेळा जोडली गेलेली असतात. निदान अडलं तर ही जोडणी शोधता येते. 'सॉलिड बेसलॉइड' हा त्याचा प्रकार मात्र जास्त तापदायक, तेवढा शब्द रिपोर्टमध्ये आहे का बघावा.

सिक्रिटरी कार्सिनोमाचंही तसंच. १९६६ मध्ये त्याचं वर्णन मुलांमध्ये झालं, म्हणून 'जुव्हेनाइल' नाव पडलं. प्रत्यक्षात मोठ्या बायकांतही होतो. इटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ यांची जोडणी ही त्याची ओळख. सहसा संथ चालतो. आणि पसरलाच तर नेमक्या याच जोडणीवर काम करणारं औषध, लॅरोट्रेक्टिनिब, २०१८ पासून उपलब्ध आहे. अशा वेळी जातीचं नाव नुसतं नाव राहत नाही, त्यावर औषध मिळतं.

आता दुसरी बाजू. मेटाप्लास्टिक कार्सिनोमाही बहुधा ट्रिपल निगेटिव्ह, आणि तो खरोखर अवघड. अस्तरातला कॅन्सर रूप पालटून तर्कूसारख्या लांबट पेशींचा, त्वचेसारखा, कधी कूर्चा किंवा हाडासारखा दिसायला लागतो. नेहमीच्या किमोला तो कमी दाद देतो. तोही कधी पॅपिलोमा, ॲडेनोमायोएपिथेलिओमा किंवा मायक्रोग्लँड्युलर ॲडेनोसिस यांच्या सोबतीने सापडतो.

बायोप्सीच्या तुकड्यात फक्त लांबट मॅलिग्नंट पेशी दिसत असतील तर तो मॅलिग्नंट फायलोड्सचा स्ट्रोमा आहे की मेटाप्लास्टिक, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. मग केरॅटिनच्या (अस्तराच्या पेशींतल्या प्रथिनाच्या) एक नव्हे, अनेक तपासण्या लावतो. केरॅटिन चांगलं उमटलं तर मेटाप्लास्टिक. सीडी-३४ (स्ट्रोमाच्या पेशींची खूण) उमटलं, पानांसारखे पदर सापडले, तर फायलोड्स. फरक व्यवहारातला आहे. एकाला काख तपासायची आणि किमोचा विचार करायचा, दुसऱ्याला मोठ्या मार्जिनचं ऑपरेशन. म्हणून असा रिपोर्ट यायला आठवडाभर जास्त लागला तर लॅबवर चिडू नका.

पूर्वी कॅन्सरसाठी शेक घेतला होता. आता त्वचेवर जांभळट डाग आलाय.

मार लागल्यासारखा दिसतो आणि पंधरा दिवसांत जात नाही, असा डाग असेल तर लगेच दाखवा. शेक घेतलेल्या बायकांत, साधारण पाच ते दहा वर्षांनी, हजारात एखादीला अँजिओसार्कोमा होतो. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर, त्वचेतच सुरू होतो. मॅमोग्राफीत दिसेलच असं नाही. डागाची बायोप्सी हाच मार्ग. आणि यासाठी शेक नाकारू नये. त्याचा फायदा या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

इम्प्लांटमुळे कॅन्सर होतो म्हणतात, तो हाच का?

तो निराळा. लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) एक विरळ प्रकार, खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होतो. काही वर्षांनी त्या बाजूला अचानक पाणी साठून स्तन फुगणं हे लक्षण. ते पाणी काढून सीडी-३० (या लिम्फोमाच्या पेशींची खूण) साठी तपासायला हवं, नुसतं ओतून द्यायचं नाही. आवरणातच असेल तर इम्प्लांट आणि आवरण पूर्ण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

पुरुषांना यातलं काही होतं?

स्तनाचा नेहमीचा कॅन्सर होतो, सगळ्या रुग्णांत साधारण एक टक्का पुरुष असतात. फायलोड्स अगदीच क्वचित.

गरोदरपणात गाठ भराभर वाढतेय.

फायब्रोॲडेनोमा आणि फायलोड्स दोन्ही या काळात वाढू शकतात. सोनोग्राफी आणि जाड सुईची बायोप्सी गरोदरपणात करता येते. बाळंतपण होईपर्यंत थांबू असं परस्पर ठरवू नका.

फायलोड्सच्या रुग्णाला अचानक घाम येऊन चक्कर आली, साखर कमी निघाली. संबंध आहे?

असू शकतो. खूप मोठी गाठ कधी कधी इन्शुलिनसारखं काम करणारा पदार्थ (आयजीएफ-टू) रक्तात सोडते. गाठ काढली की साखर ताळ्यावर येते. वर्षानुवर्षांत एखादी केस दिसावी इतका हा प्रकार विरळा, पण डॉक्टरांना सांगा.

घरच्या मुलींनाही तपासायचं का?

बहुतेक फायलोड्स आनुवंशिक नसतात. अपवाद ली-फ्रॉमेनी सिंड्रोम, ज्यात टीपी-५३ हे जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. घरात कमी वयात सार्कोमा, मेंदूची गाठ, ॲड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर, तरुणपणी स्तनाचा कॅन्सर असं काही झालेलं असेल आणि तुम्हाला मॅलिग्नंट फायलोड्स निघाला असेल तर जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा. आतला कार्सिनोमा ट्रिपल निगेटिव्ह असेल तर बीआरसीए (स्तनाच्या कॅन्सरच्या आनुवंशिक धोक्याशी जोडलेली जनुकं) तपासणीबद्दलही विचारा.

दुसरं मत घ्यायचंय. काय नेऊ?

या गाठींत दुसरं मत घ्यावंच, आणि त्याचा पहिल्या डॉक्टरांना राग येण्याचं कारण नाही. आम्ही स्वतःसुद्धा अवघड स्लाइड एकमेकांना दाखवतो. बहुतेक जण फाइलमध्ये फक्त रिपोर्ट घेऊन येतात. रिपोर्टवर रिपोर्ट देता येत नाही. लॅबकडून स्लाइड मागून घ्या आणि पॅराफिनचे ब्लॉकही. ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे मेणाचे चौकोन, प्लॅस्टिकच्या जाळीवर चिकटवलेले, कडेला तुमचा नंबर लिहिलेला. त्यांतून नवे काप काढून हव्या त्या तपासण्या लावता येतात. मागताना लेखी अर्ज आणि मिळाल्याची सही लागते. किती ब्लॉक मिळाले ते मोजून घ्या. सोबत सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या फिल्म, पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, आणि आधी कधी त्याच बाजूची गाठ काढली असेल तर तोही कागद, कितीही जुना असला तरी. तेव्हाच्या स्लाइड मिळाल्या तर फारच उत्तम. ब्लॉक उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. मेण वितळतं.